‘जाते’ म्हणून निघालेली कमळ

कमळचं माहेर दिघीला आणि सासर खाडीच्या अलीकडे, आगरदांड्याच्या कोळीवाड्यात. मधे काय ते पाणी. फेरीबोटीत बसलं की माणूस थोड्या वेळात पलीकडे उतरतं. लग्नात बायका थट्टा करत होत्या, हिला सासरी पाठवताय का शेजारी? तीच कमळ सलग चार वर्षं माहेरी गेली नव्हती. वाड्यातल्या लोकांना वाटे, भावाशी काहीतरी बिनसलं असणार. कमळ खुलासा करत बसली नाही. भांडण झालं म्हटलं की लोकांना कळतं. मुलगी सोडत नाही म्हटलं तर कुणाला कळणार?

मुलगी म्हणजे ऋतिका. दहा वर्षांची, एकुलती एक. गोरीपान, लांब बोटांची, आणि बोलायची ते शाळेच्या पुस्तकातल्यासारखं. घरात सगळे ‘हाय’, ‘न्हाय’ करणारे, ही म्हणायची, “आई, तू किती वाजता परतणार आहेस?” सहाव्या वर्षी अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोर स्वमग्न आहे. कमळने ते ऐकून घेतलं, रडून घेतलं आणि कामाला लागली. स्वमग्न पोर तिला झेपलं असतं. पोरीला एकच ताट लागे, मऊ साडीचाच स्पर्श चाले, तासन्‌तास ती सुकटीतली बारीक वाळकी कोळंबी आकाराप्रमाणे लावत बसे. त्यातलं कमळला काही जड गेलं नाही. जड गेली ती भीती.

भीती कधी सुरू झाली, हे कमळला नेमकं सांगता येत नसे. आई नजरेआड झाली की ती परत येणार नाही, असं पोरीच्या मनाने घेतलं होतं. आधी कमळचा मुरूडचा बाजार सुटला. दहा वर्षं जिने पाटीपुढे बसून सुरमई-पापलेट विकलं, ती घराशेजारच्या बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालू लागली. मग तेही खिडकीतून दिसेल एवढ्याच अंतरावर. न्हाणीचं दार उघडं ठेवून आंघोळ. आत पाणी अंगावर घेताना बाहेरून विचारणा चालूच असायची, “आहेस?” आतून सांगायचं, “हाय.” दोन तांबे झाले की पुन्हा. नवरा विनेश मासेमारीच्या बोटीवर तांडेल, बोट चालवणारा. सहा-सहा दिवस दर्यावर. घरी असला की मोटरसायकल वाड्याच्या टोकापर्यंत ढकलत नेऊन तिथे चालू करायचा, कारण गाडीचा आवाज झाला की कुणीतरी जातंय हे पोरीला कळे. कुकर माळ्यावर गेला होता, त्याची शिट्टी तिला सोसत नसे. सासू गोदूबाय म्हणायची, “पोरीसाठी सगला घर मुका झाला.”

अलिबागला एका संस्थेचं केंद्र होतं. तिथल्या प्रणाली मॅडम अशा मुलांच्या घाबरण्यावर उपचार करत, पण पोराला एकट्याला बसवून नाही, सगळं घर बसवून. पहिल्या दिवशी त्यांनी ऋतिकाला रंगीत मणी दिले आणि तासभर फक्त मोठ्यांनाच प्रश्न विचारले. घरात काय काय बंद केलंत? कोण कशाला नाही म्हणत नाही? कमळ सांगत गेली. आपल्याच तोंडून एकेक गोष्ट ऐकताना तिला लाज वाटू लागली.

मॅडम म्हणाल्या, “भीती तिची आहे, पण तिचं ओझं तुम्ही सगळे वाहताय. तुम्ही वाहता ते मायेनेच. पण त्यामुळे झालंय काय, तिला स्वतःला ते उचलता येतं का, हे कुणी बघितलेलंच नाही.”

विनेश खाली बघून म्हणाला, “मग काय करायचा? रडू द्यायचा?”

“थोडं. आणि तुम्ही जवळ राहून.”

उपाय ऐकायला सोपा होता. ती घाबरली की वादही घालायचा नाही आणि समजूतही काढत बसायची नाही. दोन वाक्यं बोलायची, ‘तुला भीती वाटते, मला कळतं. तू ती सोसशील, हेही मला माहीत आहे.’ ‘येशील ना?’ या प्रश्नाला एकदाच उत्तर द्यायचं, एकविसाव्यांदा नाही. आणि घराने जे जे सोडलंय ते एकेक पायरीने परत घ्यायचं. एक पायरी पचली की दुसरी. मॅडमनी विनेशला समोर बसवून ती दोन वाक्यं म्हणायला लावली. वादळात बोट वळवणारा माणूस, पण ‘मला कळतं’ एवढं त्याला पुरतं म्हणता आलं नाही. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

पहिली पायरी न्हाणीचं दार. कमळने आतून कडी लावली आणि बाहेर जणू कुणी पोरीचा गळा दाबला. दारावर लाथा, किंकाळ्या, स्वतःच्याच मनगटाला चावे. कमळ आत ओल्या फरशीवर उकिडवी बसून होती, तोंडात पदराचा बोळा. एकदाच उत्तर द्यायचं होतं, ते तिने दिलं होतं. चौथ्या दिवशी तिला बाहेरून सासूचा हलका आवाज आला, “हाय गो बाय, आय आतच हाय, मी बघतंय ना फटीतून.” कमळ बाहेर येऊन भांडली. गोदूबाय म्हणाली, “मना न्हाय जमत. ती मॅडम शिकलेली हाय, तिला पोटचा पोर हाय का?”

त्या सासूला मॅडमकडे आणायला कमळला महिना लागला. मॅडमनी तिच्याशी वाद घातला नाही. विचारलं, “आजी, तुमचा नवरा दर्यावर जायचा तेव्हा तुम्ही काय करायचात?”

“काय करनार? कामाला लागायची.”

“ऋतिकाला तेच शिकवायचंय. तुमच्याइतकं ते कुणाला येतं?”

दुसऱ्या दिवशी न्हाणीचं दार बंद झालं तेव्हा म्हातारीने सुकट भरलेलं सूप पुढ्यात घेतलं आणि पोरीला म्हणाली, “चल, निवडायला बस. तुला भीती वाटतेय, मना कलतंय.” पोर ओरडतच निवडायला बसली. त्यानंतर अकराव्या दिवशी ओरडणं थांबलं.

पुढचे पाच महिने कमळच्या आयुष्यातले बरे म्हणायचे. वलांड्यांपर्यंत पाच मिनिटं. दुकानापर्यंत दहा. मग धक्क्यापर्यंत. एखादी पायरी महिनाभर खायची, एखादी दोन दिवसांत सुटायची. गणपतीनंतर एका सकाळी कमळ पाटी घेऊन मुरूडच्या बाजारात गेली. नेहमीची गिऱ्हाइकं विचारत होती, कुठे होतीस एवढे दिवस? ती हसत होती, बर्फ सारखा करत होती आणि मधूनच वेळ बघत होती. घरी आली तेव्हा ऋतिका ओटीवर बसली होती. वर न बघता म्हणाली, “तू एक तास दहा मिनिटांनी आलीस. मी चाळीस मिनिटं रडले नाही.” कमळने तिला जवळ ओढलं नाही, पोरीला ते आवडत नसे. ती शेजारी बसली आणि पोटभर रडली. गोदूबायने त्या दिवशी कुकर माळ्यावरून खाली काढला.

पुढची पायरी दिघीची होती.

कमळचा बाप, विठोबा, वर्षभरापासून अंथरुणाला होता. अर्धं अंग गेलेलं. भाऊ दीपेश फोन करायचा, सुरुवातीला रोज, मग सणासुदीला. मॅडमनी विचारलं होतं की तुम्हाला स्वतःला कुठे जावंसं वाटतं? कमळच्या तोंडून लगेच निघालं, “बापाकडे.”

आठवडाभर तयारी झाली. भिंतीवर कागद लावला. बोटीचं चित्र, आजोबांचं चित्र, घड्याळाचं चित्र. ऋतिकाने स्वतःच्या हाताने खाली लिहिलं, ‘आई १२.३०’. दिवाळी चार दिवसांवर होती, सकाळ निवांत होती. विनेशची बोट दर्यावर होती. कमळ उंबऱ्यावर आली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाली, “येते गो.”

“येते नाही,” ऋतिका म्हणाली. “तू आता येत नाहीस. तू जात आहेस. जाते म्हण.”

गोदूबायने चटकन वर पाहिलं. घरातून निघताना ‘जाते’ कुणी म्हणत नाही. पण पोरगी वाट बघत होती. शब्द नीट असला की तिला धीर येतो, हे कमळला ठाऊक होतं.

“जाते,” कमळ म्हणाली. “साडेबाराला येईन.”

पलीकडे बाप तिला ओळखेल की नाही, अशी धास्ती होती. त्याने ओळखलं. बरा असलेला हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि वाकड्या तोंडाने म्हणाला, “वालली गो तू बाय.” तिने त्याला भात भरवला, नखं कापली, पाठीला तेल लावलं. विठोबाने विचारलं, नातीला कधी आणतेस? कमळ म्हणाली, “पुढची पायरी तीच हाय, बा.” त्याला पायरी म्हणजे काय ते कळलं नाही, पण तो हसला.

सव्वाअकराला ती निघाली. बाहेर येताच तिला वाऱ्यातला फरक जाणवला. वारा फिरला होता. समुद्रात कुठेतरी वादळ होतं, ते लांबूनच जाणार असं सगळे म्हणत होते. धक्क्यावर माणसं घोळका करून उभी होती. बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला होता. फेरी बंद.

“कवा सुटल?” तिने विचारलं.

“काय सांगता येत न्हाय, ताई. बावटा उतरल तवा.”

तिने घरी फोन लावला. ऋतिकाला खरं तेच सांगायचं, असं मॅडमनी बजावलं होतं. “बाय, वारा सुटलाय. बोट बंद हाय. मना उशीर होईल.”

“किती?”

कमळने पाण्याकडे बघितलं. पलीकडचा आपला वाडा पावसाच्या पडद्यामागे पुसट होत चालला होता. “माहीत न्हाय,” ती म्हणाली.

पोरीच्या नुसत्या श्वासाचा आवाज वाढत गेला आणि फोन बंद झाला. मग तो वाजायला लागला तो थांबेना. उचलला की “किती?” आणि तुटायचा. पुन्हा “किती?” साडेबारा वाजून गेल्यावर सासूच्या ओरडण्याचा आवाज आला, काय म्हणतेय ते कळलं नाही, आणि कमळच्या फोनचं चार्जिंग संपलं.

जमिनीवरून जायचं तर सगळ्या खाडीला वळसा. दिघीहून म्हसळा, पुढे इंदापूर, तिथून तळा, मग आगरदांडा. दीपेश म्हणाला, थांब, उद्या जा. ती थांबली नाही. टमटम, एसटी, पुन्हा टमटम. म्हसळ्याला गाडीची वाट बघताना ती स्टँडवरच्या बाकावर बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने बोलतोय. “तू ती सोसशील, हेही मला माहीत आहे.” शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

ती घरी पोचली तेव्हा तिन्हीसांज उलटली होती. दारात चपलांचा ढीग होता. आत विनेश होता. बावटा लागल्यावर त्याची बोट खाडीत आसऱ्याला आली होती. त्याची पँट मांडीपर्यंत ओली होती आणि ती त्याने दिवसभर बदलली नव्हती.

पाऊण वाजता ऋतिका आजीच्या हातातून निसटून धक्क्याच्या उतारावर गेली होती. आई ज्या दिशेने गेली त्या दिशेने ती चालत राहिली, पाण्यात. तिच्या कंबरेइतक्या पाण्यात विनेशने तिला धरलं. घरी आणली तरी ती पुन्हा पाण्याकडेच धावायची. तिसऱ्यांदा त्याने तिला आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. दुसरं काय करणार होता? पाच मिनिटांनी आतला आवाज बंद झाला म्हणून दार उघडलं. भिंतीवर डोकं आपटून कपाळ फुटलं होतं. मुरूडच्या दवाखान्यात सात टाके पडले.

कमळ पोरीसमोर बसली. “मी आले,” ती म्हणाली. पोरीने तिच्याकडे बघितलं, आणि मग भिंतीवरच्या कागदाकडे. पुढचे एकोणीस दिवस ती एक शब्द बोलली नाही.

गोदूबायने सगळ्या वाड्यासमोर सांगितलं, “जाते म्हनून गेली, तवाच मना कललं व्हतं.”

मॅडमचा रोज फोन येत होता. आठव्या दिवशी कमळने तो उचलला. मॅडम म्हणाल्या, “कमळताई, यात तुमची चूक नाही. आपण पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करू.”

“मॅडम,” कमळ म्हणाली, “वारा सुटला तर काय, ती पायरी कुठं व्हती?”

“ती मी आधी घ्यायला हवी होती,” मॅडम म्हणाल्या. “मुद्दाम पाच मिनिटं उशिरा यायचं, मग दहा. नक्की वेळ न सांगता जायचं. हे मोठ्या पायरीच्या आधी करायला हवं होतं. राहिलं माझ्याकडून.”

कमळला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ऋतिका बोलायला लागली तेव्हा भीती पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. आता तिला आई दिसून भागत नव्हतं, हातात लागत होती. कमळच्या पदराचं टोक मुठीत धरून ती जेवायची, झोपायची, शाळेचं तर नावच नको. कमळने दोनदा सुरुवात करून पाहिली. पहिल्या वेळी विनेशने मधे पडून दार उघडलं. “पुरे झाला,” तो म्हणाला. “तिच्या कपालाकडं बघ आनि मग सांग मना सोसू द्या म्हनून.” दुसऱ्या वेळी कमळने स्वतःच उघडलं. घरात आता तिघंही एका बाजूला होती, आणि ती बाजू भीतीची होती. नाताळच्या सुमारास केंद्राचं काम थांबलं, मॅडमना नाशिकला दुसरी नोकरी लागली. निघण्यापूर्वी त्या स्वतः एसटीने आगरदांड्याला आल्या, दिवसभर बसल्या, सासूच्या हातचं जेवल्या. जाताना म्हणाल्या, “फोन करत जा.” महिनाभर दोघींनी केला. मग कमी होत गेला.

पौषात, एका सकाळी सातला, दीपेशचा फोन आला. बाबा गेले.

कमळ चुलीशी होती. ऋतिकाची मूठ पदरात. विनेशने फोन ठेवला आणि म्हणाला, “तू जा. मी हिला धरून ठेवतो.” कमळने त्याच्या हातांकडे, त्या दिवशी कडी लावणाऱ्या हातांकडे बघितलं. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने ते हात मागे घेतले.

“हिला घेऊन जाऊ,” ती म्हणाली.

तिघं धक्क्यावर आली. बोट लागलेली होती, चढण्याचा फळा खाली टाकलेला, मोटरसायकली चढत होत्या. इंजिनचा आवाज ऐकला आणि ऋतिका सिमेंटवर बसली ती उठेना. कमळ तिच्याजवळ बसली. दोन्ही वाक्यं म्हणून झाली, ती पोरीपर्यंत पोचलीच नाहीत. चढणारी माणसं वळून वळून बघत होती. बोट सुटली. त्यानंतरचीही सुटली. विनेशने पोरीला उचलायला हात घातला तर तिने अशी किंकाळी फोडली की बोटीवरचा माणूस खाली धावत आला. तिसऱ्या वेळी कमळ म्हणाली, “तुमी जा. माझ्या वतीनं पाया पडा.”

बोट लांब जाईपर्यंत ती बघत राहिली. पलीकडे कुठल्या घरासमोर माणसं जमली असतील, ते एवढ्या अंतरावरून दिसत नव्हतं. दीपेश तिच्यासाठी एक वाजेपर्यंत थांबला, मग लोकांनी घाई केली. त्यानंतर त्याने बहिणीला फोन केला नाही. दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. विनेशने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. दीपेश म्हणाला होता, “पोरीला कोनीपन सांभालला असता. बाप परत मरनार हाय का?”

होळीच्या आधी एका दुपारी कमळला अनोळखी नंबरावरून फोन आला. नागावची पूनम नावाची बाई. समुद्राजवळ पर्यटकांना खोल्या देते, पाच वर्षांचा मुलगा आहे, तो स्वमग्न असल्याचं परवाच डॉक्टरांनी सांगितलंय, आई दिसली नाही की ओरडतो. प्रणाली मॅडम फोनवरून शिकवायला तयार आहेत, त्यांनीच हा नंबर दिला. तिचा आवाज भरून येत होता. “ताई, तुम्ही केलंत म्हणे. खरंच उपयोग होतो का हो?”

कमळ ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. शेजारी ऋतिका सुकट लावत होती, एका हाताने. दुसरा हात पदरात.

“व्हतो,” कमळ म्हणाली. “माझी पोर चालीस मिनिटं ऱ्हायली व्हती. मी बाजारात बसले व्हते.”

“मग आता?”

कमळनेच उलट विचारलं, “घरात कोन कोन हाय तुझ्या?”

“मी आणि हे. हे दिवसभर बाहेर.”

“मग आनखी कोनाला तरी धर. बहीण, शेजारीण, कोन पन. आनि पयल्या दिवसापासून उशिरा येत जा. थोडा थोडा. वेल सांगू नको. उशीर झाला तरी मानूस येतो, हा त्याला आधी कलू दे. मग बाकीचा.”

पूनम लिहून घेत होती, कागदाची सळसळ ऐकू येत होती. तिने पुन्हा पुन्हा आभार मानले. मी पुन्हा फोन केला तर चालेल का, असं विचारलं. कमळ म्हणाली, कर.

विनेश दारात जाळं शिवत बसला होता. “कोन व्हता?”

“नागावची बाई. तिचा पोरगा असाच हाय.”

“काय सांगितलास तिला?”

“व्हता ते सांगितला,” कमळ म्हणाली. बापाचं मात्र तिने सांगितलं नव्हतं. पूनमची आता कुठे सुरुवात होती.